देव्हाऱ्यातला राउटर

सन २०१८, शरद ऋतू. चंद्रपौर्णिमेचा सण होऊन बरोबर नऊ दिवस झाले होते. त्या दिवशी मी ठरवलं, घरात स्वतःचा राउटर आणायचा.

आमची मुलगी कॅनडात असते. तिच्याशी बोलायला माझी बायको सियू-किम दोन वर्षं शेजारच्या केशकर्तनालयाच्या पायरीवर बसत होती. तिथे लिआओ बाईंचं इंटरनेट फुकट मिळे. मी तुंगकांग बंदरात चाळीस वर्षं पत्र्याची घरं बांधली, कुणाचा खिळा उसना घेतला नाही. आणि माझी बायको लोकांच्या पायरीवर!

आता नातू झाला होता. रविवारी त्याला महिना भरणार, जावळ काढणार.

"ते मी माझ्या घरात बसून बघणार," सियू-किम म्हणाली. "ऐकतोस ना, म्हाताऱ्या?"

दुकानात गेलो. दुकानदारीण विचारू लागली.

"घर किती मजली, आजोबा?"

"तीन."

"भिंती कसल्या?"

"मी बांधलेल्या." (याहून जास्त काय सांगायचं?)

तिने तीन राउटर मांडले. मी एकेक उचलून पाहिला. पहिले दोन बिस्किटाच्या रिकाम्या डब्यासारखे. चार काड्यांचा (अँटेना म्हणतात त्यांना) तिसरा जरा जड, तो घेतला. माल वजनावर घ्यावा. पत्रा मी असाच घेतो.

"उंचावर ठेवा, घराच्या मधोमध," ती म्हणाली.

आमच्या घरात उंच आणि मधोमध एकच जागा, देव्हारा. समुद्रमातेच्या शेजारी राउटर बसवला. कंपनीचा माणूस जोडून गेला. चालू झाला.

"उदबत्तीची राख पडेल त्यावर," सियू-किम म्हणाली.

बरोबर होतं. मी दोन मिलिमीटर जाड स्टीलची पेटी केली. दार, कडी, सगळं वेल्डिंग हाताने. केस शिरणार नाही अशी फट. (वायरीपुरतं भोक ठेवलं. तेवढी अक्कल आहे.)

दार लावलं आणि इंटरनेट गेलं.

राउटर घेऊन दुकानात. तिने लावून दाखवला.

"हा तर चालतोय, आजोबा."

"तुमच्याकडे चालणारच. तुमचाच माल."

"तुम्हीच निवडलात की!"

मी आठ काड्यांचा, सगळ्यात जड राउटर घेतला. तो पेटीत मावेना. मी पेटी वाढवली, पत्राही तीन मिलिमीटरचा घेतला. काड्या दुमडून राउटर आत घातला, दार लावलं. फोन मुका.

"हाही खराब," मी म्हणालो.

"हो. जगातले सगळे राउटर खराब," सियू-किम म्हणाली.

रविवारी सकाळी तिने स्टूल उचललं आणि लिआओ बाईंच्या पायरीकडे निघाली. मीही मागे गेलो, तिला परत आणायला.

फोनवर नातवाचं अर्धं डोकं भादरून झालं होतं. गळ्यात टॉवेल घातलेली दोन गिऱ्हाइकंही वाकून बघत होती. पोराचे कान माझ्यावर गेले आहेत. मी पायरीवर कधी बसलो, कळलं नाही.

लिआओ बाईंनी माझ्या हातात चहा दिला. "तेंगदादा, राउटर घेतलात म्हणे?"

"दोन. दोन्ही बिघडलेले."

"बघू तरी."

त्या घरी आल्या. देव्हाऱ्यासमोर हात जोडले. मग पेटीवर बोटाने टकटक केलं.

"आत आहे?"

"राख लागू नये म्हणून."

"राख काय, त्याला वारासुद्धा लागू दिला नाहीत, दादा. स्टीलमधून बाहेर यायचं कसं त्याने?"

त्यांनी कडी काढली. सियू-किमच्या हातातला फोन एकदम अकरा वेळा वाजला.

तिने आधी पेटीकडे, मग माझ्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी वायरीचं भोक बुजवलं, पेटी पुसून लिआओ बाईंकडे पोचती केली. दोन वर्षांचं देणं होतं. त्यांनी तिच्यात सुकी कोळंबी भरली, दार लावलं, नाक जवळ नेऊन वास घेतला.

"काम चोख, दादा. काही म्हणजे काही बाहेर येत नाही."

देणं फिटलं.