डोमाजीचं म्हशीचं हँडल

बाजारातून परत येताना डोमाजीनं आम्हाला नाल्याच्या पुलावर अडवलं. हात लांब करून त्यानं माझ्या बायकोकडे दोऱ्याला बांधलेला कापसाचा पुंजका धरला आणि म्हणाला, “वहिनी, पदराले खोचा. भाऊ, चाला आता, जोरात.” पार्बतानं हसत हसत पुंजका खोचून घेतला. मी शिव्या देत पायडल मारलं. थैलीत वांगी होती, मिरच्या होत्या, मागे कॅरिअरवर ती होती. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं साधं काम. नऊ दिवसांनी ती गेली.

आता हा डोमाजी कोण, ते सांगतो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे गोडगोड लिहिता येत नाही.

ऐंशी-ब्याऐंशी सालची गोष्ट. सिंदी रेल्वे या आमच्या गावी, स्टेशनाकडून जिनाकडे, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याकडे जाताना त्याचं सायकलीचं दुकान होतं. पंक्चर काढायला त्याला लाज वाटायची. त्याचा जीव हँडलात. कधीतरी सडकेनं सायकलींची शर्यत गेली, त्यात त्यानं ते खाली वाकलेलं हँडल पाहिलं, तेव्हापासून माणूस कामातून गेला. मेंढ्याच्या शिंगासारखं असतं म्हणून आम्ही त्याला मेंढ्याचं हँडल म्हणायचो. डोमाजी ते घरी बनवायचा. नळीत नदीची वाळलेली रेती ठासून भरायची, दोन्ही तोंडांत लाकडाच्या गुट्ट्या ठोकायच्या, लोहाराच्या भट्टीत लाल करून हळूहळू वाकवायची. रेती नसली तर नळी चपटी होते. हे त्यानं मला शंभरदा सांगितलं. मी एकदाही विचारलं नव्हतं.

गिऱ्हाईक आलं की आधी दोरीनं खांदे मोजणार. मग डॉक्टरासारखं विचारणार, “करंगळी झिणझिणते का? मान दुखते? कोणत्या बाजूले?” लोक ब्रेक दुरुस्त करायला यायचे आणि मानेचं दुखणं सांगून जायचे. किती दिवस लागतील विचारलं की उत्तर ठरलेलं, “हवेले विचारून सांगतो.” मग गिऱ्हाइकाच्या कोपराला, पाठीला, टोपीला कापसाचे पुंजके बांधायचे, त्याला सडकेवर पळवायचं आणि स्वतः बाजूनं सायकल मारत पाहायचं. पुंजका फडफडला की तिथे हवा अडते. मग पुन्हा भट्टी. आमचे गुरुजी एकदा असे अंगभर पुंजके लावून चालले होते, तर समोरून येणारे बैल बिचकून बंडीसकट वावरात शिरले.

पण गुण होता हातात, खोटं का बोलू. दुधवाल्याला त्यानं मेंढ्याचं हँडल लावून दिलं, तर तो दोन कॅना बांधून असा वाकून सुटायचा की रस्त्यातली कुत्री भुंकायची विसरायची.

म्हणून मीही गेलो. मला काय लावून दिलं? उंच, रुंद, मागे वळलेलं. सरळ सांगायचं तर म्हशीची शिंगं! त्यावर बसलं की मी टांग्यातल्या पाटलासारखा ताठ. समोरून वारा आला की छातीवर आदळायचा, सायकल जागच्या जागी. दुधवाला बाजूनं जाताना विचारायचा, “काय भाऊ, वरात कुठं निंगाली?” आणि मागे पार्बता खुदकन हसायची.

वरून माझ्या वेळी पुंजका मला नाही, माझ्या बायकोला. कधी पदराला, कधी खांद्याला. हा बाजूनं सायकल मारत तिच्याकडे पाहणार आणि पुंजका निपचित पडला की ओरडणार, “लोंबला! वहिनी, लोंबला!” ती पण खूश. माझ्या डोक्यात जाळ.

घरी वांग्याचं भरीत झालं की पहिला डबा डोमाजीचा. “त्याचं कोणी नाई,” ती म्हणायची.

“मंग मी काय मेलो का?” मी म्हणायचो.

“तुमाले मी हावो नं!”

या बोलण्यावर काय करणार? पण भरीत कमी यायचं ताटात, ते दिसायचं.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी मी सायकल घेऊन दुकानात गेलो.

“हे तुह्यं म्हशीचं काढ अन् मेंढ्याचं लाव. आता मांगं कोणी नाई. मले जोरात जायचं हाय.”

डोमाजीनं पाना उचलला नाही. खाली बसला.

“भाऊ, हे हँडल तुमच्यासाठी नोयतं बनवलं.”

“मंग कोनासाठी?”

“वहिनीले हवा बाधत होती. जिनात कामाले जाऊन जाऊन तिथल्या धुळीनं छाती गेलती त्याइची. तोंडावर वारा आला का खोकला थांबे नाई. म्या म्हटलं, भाऊची छाती रुंद हाय, तिलेच भिंत करू. तुमी वाकले का वारा वरून त्याइच्या तोंडावर. तुमी ताठ, तर मांगं पुंजका लोंबते.”

मला राग यायला पाहिजे होता. आला पण.

“तुले सांगतलं तिनं. मले नाई?”

“तुमी त्याइले घरी बसवलं असतं,” तो म्हणाला. “त्या म्हणे, जे हाय ते हाय, पण बाजाराले मी कॅरिअरवर बसूनच जाईन. तुमाले सांगू नका म्हणे.”

बसवलंच असतं मी. रागावून, दारात आडवा होऊन बसवलं असतं. हे त्याला कळलं, तिला कळलं, आणि मी मात्र एवढी वर्षं भरिताचा हिशेब धरून बसलो. बरं, त्या दोघांना माझा एवढा स्वभाव ठाऊक, याचाही मला जळफळाट झाला. आजही होतो.

उठताना त्याची सायकल भिंतीला टेकलेली दिसली. मेंढ्याचं हँडल, चकचकीत. मागे कॅरिअर नाही. इतकी वर्षं पाहिली, तेव्हाच दिसलं.

“तुह्या सायकलीले कॅरिअर काऊन नाई?”

“हवा अडते.”

“खरं सांग.”

त्यानं खाली पडलेला पाना उचलून पुसला. मग म्हणाला, “कोन बसन, भाऊ?”

मी हँडल न बदलता घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी त्याच्या दुकानासमोर सायकल उभी केली आणि म्हटलं, “बस मांगं.” तो अवघडला. आयुष्यात कोणाच्या मागे बसला नसावा, पाय कुठे ठेवायचे तेही त्याला कळेना. मी डाफरलो, तेव्हा बसला. स्टेशनाकडे वळलो तर समोरून दणदणीत वारा. मी पाठ ताठ केली.

“हवा लागते का रे?”

मागं त्यानं कॅरिअर घट्ट धरलं.

“नाई लागत, भाऊ,” डोमाजी म्हणाला. “हळूच चाला.”