कारखानीसची पॉइंट सेव्हन्टीन

दर शनिवारी सकाळी दहा वाजता कारखानीस चहाचा मग घेऊन बसतो आणि आयर्लंडमधल्या बंदुकीच्या दुकानांना एकामागून एक फोन लावतो. गोळ्या आहेत का, एवढंच विचारतो. नसतात. पुढच्या शनिवारी परत विचारतो.

घाबरू नका, माणूस निरुपद्रवी आहे. गॉलवेला आमच्याच कंपनीत तो मोजमापाच्या विभागात आहे. हृदयाच्या रक्तवाहिनीत घालायच्या नळ्या दिवसभर मोजत बसतो. घरीही तेच. खिशात कायम मोजायचा व्हर्नियर. आमच्याकडे दिवाळीच्या फराळाला आला, तेव्हा त्यानं हिच्या चकलीचा एकेक वेढा मोजला आणि "वहिनी, टॉलरन्सच्या आत आहे", म्हणजे मापात बसते, असा निकाल दिला. सोळा वर्षं मी त्या चकलीला 'मस्त' म्हणत आलोय, पण ही खूश झाली ती त्या दिवशी.

मला कारखानीसचा हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी म्हणायला नको.

आमच्या नेमबाजीच्या क्लबात सगळ्यांकडे पॉइंट टू-टूची रायफल आहे. तिच्या गोळ्या कुठंही मिळतात. यानं सेकंडहँड घेतली ती त्याहून बारीक नळीची पॉइंट सेव्हन्टीन, आणि त्यातही तिचा आखूड प्रकार. अख्खं काडतूस करंगळीच्या पेराएवढं, त्याच्या टोकाची गोळी चिमटीत धरली तर दिसेनाशी होते. कंपन्या ती कधी काढतात, कधी बंद करतात. रायफल इतकी स्वस्त का, हे यानं विचारलंच नाही. "नळी मोजली, टॉलरन्समध्ये होती," म्हणतो. परवान्याचा अर्ज केला, गार्डा, म्हणजे इथले पोलीस, घरी येऊन कपाटाचं कुलूप तपासून गेले, परवाना मिळाला, आणि मग कळलं की गोळ्याच मिळत नाहीत. मी आठवडाभर आनंदात होतो.

रायफलीबरोबर पन्नास गोळ्यांची एक डबी आली होती. ती तो पुरवून पुरवून वापरतो, महिन्याला एक. त्या रविवारी अख्खा क्लब आपापलं काम थांबवून बघत राहतो. गोळी कधी लागते, कधी चुकते, टाळ्या दोन्ही वेळेला पडतात. मी दर रविवारी साठ-सत्तर गोळ्या झाडतो. माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

आता त्या फोनांविषयी. आयरिश माणूस तोंडावर 'नाही' म्हणत नाही. 'लीव्ह इट विथ मी' म्हणतो. आपण 'बघू' म्हणतो ना, तसंच. म्हणजे विषय संपला. इथं आलेल्या प्रत्येकाला हे वर्षभरात कळतं. कारखानीसला चार वर्षांत कळलेलं नाही. तो वहीत लिहून ठेवतो, 'स्लायगो, बघतो म्हणाले', आणि पुढच्या शनिवारी विचारतो, त्याचं काय झालं? पहिले काही महिने ते दुकानदार नक्कीच गोरेमोरे झाले असतील. मग गुडघा कसा आहे, पाऊस किती झाला, अशा गप्पा सुरू झाल्या. मेयोचा एक दुकानदार त्याला रुबार्बच्या आंबट देठांची जुडी देऊन गेला. क्लेअरच्या दुकानदारानं मुलीच्या लग्नाला बोलावलं. मी या देशात चौदा वर्षं आहे. शेजारचा मला अजून 'हाउज द फॉर्म', म्हणजे कसं काय, विचारतो आणि उत्तराची वाट न बघता आत जातो.

आमची ईशासुद्धा त्याच्याच बाजूची. "बाबा, कारखानीसकाका इज ग्रेट क्रॅक."

"आणि मी?"

"यू आर ग्रँड, बाबा."

इथं क्रॅक म्हणजे धमाल आणि ग्रँड म्हणजे चालतंय. त्या दिवशी मी ठरवलं की याच्या गोळ्या आपणच शोधून काढायच्या. उपकार म्हणून नाही. चार वर्षांत याला जमलं नाही ते मी एका दिवसात केलं, हे मला क्लबात सगळ्यांसमोर सांगायचं होतं.

कंपनीच्या कामासाठी ड्रोहेडाच्या इस्पितळात गेलो होतो. दुपारी वेळ मिळाला, तसा तिथल्या बंदुकीच्या दुकानात शिरलो. काउंटरमागे डेक्लन नावाचा साठीचा मालक. मी विचारलं, आणि त्यानं मागच्या कपाटातून दोन डब्या काढून समोर ठेवल्या. परवाना दाखव म्हणाला.

"माझ्यासाठी नाहीत," मी म्हणालो. "गॉलवेला माझा एक मित्र आहे. कारखानीस."

डेक्लनचा चेहरा पडला. त्यानं डब्या उचलून परत कपाटात ठेवल्या आणि किल्ली फिरवली.

"त्याला सांगू नकोस," तो म्हणाला. "आणून वर्ष झालं. दर शनिवारी ठरवतो, आज सांगायचं. मग वाटतं, एकदा मिळाल्या की हा फोन कशाला करेल?"

 तो पुढं म्हणाला, "शनिवारी दहा वाजता तो आईला फोन करायचा ना, तिकडे तुमच्या देशात. ती गेल्यावर त्या तासाचं काय करायचं, हे त्याला समजेना. हे त्यानं नोराला सांगितलं, माझ्या बायकोला. आता शनिवारी फोन आधी तीच उचलते, मग मला देते. जरा उशीर झाला की दारात येऊन उभी राहते."

कारखानीसची आई गेली हे मला माहीत होतं. त्यानं आठ दिवस रजा घेतली होती आणि ऑफिसच्या सांत्वनाच्या कार्डावर मीही सही केली होती. दहा वाजताचं मला माहीत नव्हतं. आमची टेबलं शेजारी शेजारी आहेत, आणि हे त्यानं ड्रोहेडाच्या नोराला सांगितलं. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याआधी मला नोराचा हेवा वाटला.

रविवारी क्लबात सगळे चहा पीत होते. कारखानीस वही उघडून बसला होता.

"ड्रोहेडाकडून आशा आहे," तो म्हणाला. "माणूस शब्दाचा पक्का आहे. कालसुद्धा म्हणाला, शोधतोय."

सगळे ऐकत होते. सांगायचं तर हीच वेळ होती. वाक्यसुद्धा मी गाडीत तयार करून ठेवलं होतं.

"शोधू दे की," मी म्हणालो. "अशा गोष्टींना वेळ लागतो."

त्यानं मान डोलावली. हळूहळू लोक पांगले, कप विसळून झाले, आम्ही दोघंच उरलो. तेव्हा मी म्हटलं, "कारखानीस, शनिवारी मलाही एक फोन करत जा रे."

त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. पेन काढून त्यानं स्लायगोच्या खाली माझं नाव लिहिलं, आणि वर बघून विचारलं, "हो, पण कशाबद्दल?"

 "गोळ्या आहेत का, एवढंच विचार," मी म्हणालो.