पडवळांवर कोणी आक्षेप घेत नाही

आमच्या तळमजल्यावरचे पडवळ सिनेमा बघत नाहीत. पण ज्या ज्या सिनेमावरून देशात गदारोळ झाला, त्या प्रत्येकावर त्यांचं मत तयार असतं. सिनेमा बघून मत देणं ही त्यांच्या लेखी लबाडी आहे. "बघितलं की माणूस पक्षपाती होतो, देसाई," ते मला समजावतात. "एखादं गाणं आवडतं, एखादी नटी आवडते, आणि मत बाटतं. मी कोरा राहतो."

सिनेमाच्या नावावरून, एखाद्या संवादावरून, नाहीतर नायिकेच्या कपड्यांवरून कुठे पुतळे जळायला लागले, की पडवळांना तरतरी येते. जिना चढून ते आमच्याकडे येतात, अर्धा चहा संपवतात आणि सुरू होतात. "शिवीवर बीप टाकला. ठीक आहे. लेखकाची शिवी होती दोन अक्षरी. बीप ऐकून तुमच्या मनात आली ती सात अक्षरी. आता वाह्यात कोण, लेखक की तुम्ही?" मी गप्प बसतो, कारण माझ्या मनात आलेली खरोखरच लांबलचक असते.

सेन्सॉरवाल्यांवर त्यांचा राग आहे असं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं. मला जरा उशिरा कळलं की राग नाही, हेवा आहे. "नुसतं पोस्टर फाडायला दोनशे माणसं येतात हो. स्वखर्चाने," ते हळहळतात. "आणि आपलं पोस्टर लावायला मी एकटा."

कारण पडवळ स्वतः कॉमिक्स लिहितात. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. कारखाना बंद पडला तेव्हा हाताशी पेन्सिली होत्या आणि वेळ होता, त्यातून 'कॅप्टन भोंगा' जन्माला आला. कारखान्याचा भोंगा वाजला की एका साध्या कारकुनाच्या अंगात दहा माणसांचं बळ येतं, अशी कल्पना. पुढे एकेक कारखाना बंद होत गेला तशी कॅप्टनची पंचाईत झाली. हल्लीच्या अंकांत तो बराच वेळ भोंग्याची वाट बघत बसलेला असतो. लिहिणं, काढणं, उल्हासनगरच्या प्रेसमधून छापून आणणं आणि अंबरनाथ पश्चिमेच्या स्टेशनबाहेरच्या पेपर स्टॉलवर नेऊन टांगणं, सगळं पडवळच करतात. लग्न केलं नाही. का, विचारलं तर म्हणतात, "घरात सेन्सॉर नको म्हणून." न खपलेले अंक पलंगाखाली असतात, आणि पलंग बराच उंच झाला आहे.

चित्रं म्हणाल, तर यंत्रं आणि इमारती अशा की नटबोल्टही जागच्या जागी. माणसं मात्र बेताची, आणि हात अजिबात येत नाहीत. त्यावर पडवळांनी उपाय काढला. त्यांच्या कॉमिक्समध्ये सगळ्यांचे हात खिशात असतात. कॅप्टन भोंगा गुंडांना लाथांनी लोळवतो. नायिकेच्या साडीलासुद्धा खिसा आहे. प्रेमप्रसंगातही दोघं आपापल्या खिशात हात घालून उभी असतात, त्यामुळे अश्लीलतेचा प्रश्न परस्पर मिटलेला आहे.

पडवळांना तोच प्रश्न तर हवा होता. आयुष्यात एकदा तरी आपल्या पुस्तकावर कोणीतरी आक्षेप घ्यावा, एवढीच त्या माणसाची इच्छा. अंक हातात दिला की दुसऱ्या दिवशी दारात हजर. "खटकलं का काही?" मी म्हणायचो, छान आहे. ते हिरमुसून खाली जायचे. सिनेमांच्या सुरुवातीला पात्रं काल्पनिक असल्याचा खुलासा असतो, त्याची त्यांना चीड. त्यांच्या प्रत्येक अंकावर मागे ठळक अक्षरांत छापलेलं असतं: 'या कथेतील सर्व पात्रे खरी आहेत. ज्याला ओळख पटेल त्याने तळमजल्यावर येऊन भेटावे.' खाली इमारतीचा पत्ता.

कोणी आलं नाही. एकदा त्यांनी आमच्या सोसायटीच्या चेअरमनला पाण्याचा टँकर चोरणारा खलनायक केलं, हुबेहूब, टकलासकट. चेअरमनने पाच प्रती विकत घेतल्या आणि बदलापूरच्या सासुरवाडीत वाटल्या. मग पडवळांनी मला गळ घातली. "तुम्ही तक्रार करा ना पोलिसांत. शेजारधर्म म्हणून." आम्ही दोघं चौकीवर गेलो. हवालदाराने अंक उलटसुलट केला आणि विचारलं, "यात तक्रार करण्यासारखं काय आहे?"

"वाचून तर बघा," पडवळ काकुळतीला येऊन म्हणाले.

हवालदाराने अंक ड्रॉवरमध्ये टाकला आणि आम्हाला चहा पाजला.

"एक दिवस आक्षेप येईल," परतताना पडवळ म्हणाले, "आणि तेव्हा बघा तुम्ही. माफी नाही, कात्री नाही. एक टिंब बदलणार नाही. हायकोर्टापर्यंत जाईन." मला त्या हायकोर्टाची दया आली.

शेवटी प्रेसवाल्या शेठनेच त्यांना अक्कल दिली. शेठ सिंधी, लग्नपत्रिका छापणारा, आणि 'कॅप्टन भोंगा' तो केवळ जुन्या ओळखीखातर छापतो. "साईं, आपकी किताब में कोई मरता ही नहीं," तो म्हणाला. "किसी को मारो. आदमी मरता है, तभी पब्लिक बोलती है." पडवळांना ते पटलं. कॅप्टनला मारणं परवडणारं नव्हतं. मग त्यांनी गेटमनला मारलं. हा गेटमन पहिल्या अंकापासून प्रत्येक अंकात एका कोपऱ्यात असायचा: भर उन्हाळ्यात गळ्यात मफलर, काखेत काठी, हात अर्थातच खिशात. त्याला संवाद नव्हते. नव्या अंकात बॉयलर फुटला आणि तो ढिगाऱ्याखाली गेला. पडवळांनी ढिगारा फार सुरेख काढला होता.

अंक स्टॉलवर लागला त्याच आठवड्यात, रविवारी सकाळी, मी पडवळांकडे बसलो असताना दारात एक म्हातारी बाई आली. डोक्यावर रिकामी पाटी, हातात तोच अंक.

"भोंग्याचा पुस्तक काडनारं तुमीच ना? पेपरवाल्यानं मागचा वाचून दावला. तलमजल्याला भेटा म्हनून लिवलंय."

पडवळ उठून उभे राहिले. "खटकलं का काही?"

बाईने पान उघडून ढिगाऱ्यावर बोट ठेवलं. "ह्यो माजा मानूस हाय."

"म्हणजे तुमच्या भावना दुखावल्या?" पडवळांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी मला मोबाइल काढून फोटो घ्यायची खूण केली. मीही खिशात हात घातला.

"त्यो एकदा मेला हाय, भाऊ," बाई म्हणाली. "मी बगितला मरताना. आता परत कशाला मारता?"

मी मोबाइल काढला नाही. पडवळ खाली बसले.

बाई पालेगावची. शेताचा एक तुकडा इमारतींच्या मधे अजून राहिला आहे, त्यातली भाजी आणून ती स्टेशनबाहेर स्टॉलशेजारी बसते. मागे कधीतरी मुखपृष्ठावर कारखान्याचं गेट होतं, आणि स्टॉलच्या चिमट्याला लटकलेल्या त्या गेटात तिला आपला नवरा उभा दिसला. काखेतल्या काठीवरून तिने ओळखला. तेव्हापासून ती प्रत्येक अंक घेते. तिला वाचता येत नाही. कॅप्टन भोंगा कोण, हे तिला ठाऊक नाही. ती पानं उलटत जाते आणि कोपऱ्यात तो सापडला की थांबते. "कंपनीच्या गेटावरचा फोटू कुनी काडलाच नाय त्याचा. ह्योच हाय."

"धर्मा," पडवळ म्हणाले. मला म्हणाले की तिला, कळलं नाही. "मला रोज उशीर व्हायचा. भोंगा होऊन गेलेला असायचा. धर्मा छोटं दार लोटून ठेवायचा माझ्यासाठी. कधी बोलला नाही त्याबद्दल."

बाईने मान हलवली, तसाच होता म्हणून. मग जाता जाता तिला आणखी एक गोष्ट खटकली. "आन खिशात हात घालून कंदी उबा नाय ऱ्हायला त्यो. टरक आला का असा हात करायचा." तिने उजवा हात वर केला, पंजा आमच्याकडे. आम्ही दोघंही जागच्या जागी थांबलो.

ती गेल्यावर मी हायकोर्टाची वाट बघत बसलो. पडवळ म्हणाले, "देसाई, तुमच्याकडे कात्री आहे का?"

"आणि लेखकाचं स्वातंत्र्य?"

"तेच वापरतोय. मारायचं स्वातंत्र्य होतं, तसं जिवंत करायचंही आहेच की."

गेलेले अंक त्यांनी स्वतः फिरून गोळा केले. चेअरमनकडून आणला, माझाही नेला. माझा अजून उघडलेला नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. मग चार दिवस दार बंद. डोकावलो तेव्हा जमिनीवर सगळीकडे हातच हात पसरलेले होते, काही केळ्याच्या फण्यांसारखे. प्रेसवाल्या शेठने नवं चित्र पट्ट्यांवर छापून दिलं, पण त्याला वाईट वाटलं. "मरा हुआ आदमी वापस कौन लाता है, साईं? धंदा नहीं समझते आप." आम्ही दोघांनी बसून प्रत्येक प्रतीतल्या ढिगाऱ्यावर खळ लावून धर्मा चिकटवला. चिकटवता चिकटवता मी अंक वाचून काढला. बरा आहे.

पहिली प्रत द्यायला पडवळ मला सोबत घेऊन गेले. बाईने मेथीच्या जुड्या बाजूला सारल्या, हात पुसले आणि पान लांब धरून बघितलं. गेट, मफलर, काखेत काठी, थांबलेला ट्रक, आणि वर केलेला एक हात. कॅप्टन भोंगाच्या इतिहासातला पहिला हात. बोटं पाचच होती. मग तिने आपलं मनगट वळवून चित्राशेजारी धरलं. तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला गोंदलेली तीन हिरवी टिंबं होती. चित्रातल्या धर्माच्या मनगटावरही तीन टिंबं होती.

"हात माजा काडलाव," ती म्हणाली.

पडवळांचे कान लाल झाले. ड्राफ्ट्समन माणूस, समोर जे दिसलं ते जसंच्या तसं उतरवलं होतं. "खटकलं का काही?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून असंख्य वेळा ऐकला आहे, आणि दर वेळी त्यांना होकार हवा असायचा. त्या दिवशी नको होता.

बाईने चित्रावरून अंगठा फिरवला.

"ऱ्हाऊं द्या," ती म्हणाली. "एकलाच उबा व्हता इतकी वरसं."

पडवळांनी दोन्ही हात खिशात घातले आणि मेथीकडे बघत तिथेच उभे राहिले.