ऋत्विकच्या डोक्यातला कमी दाबाचा पट्टा

ऋत्विकने तो फॉर्म भरायला घेतला तेव्हा त्याच्या मोबाइलमध्ये चार टक्के बॅटरी होती आणि फॉर्ममध्ये चाळीस प्रश्न. हा मेळ बसणारा नव्हता.

फॉर्म कॉलेजचा होता. ‘महामारीच्या काळातील विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य’ असं त्याचं भारदस्त नाव, आणि तो भरल्याशिवाय तोंडी परीक्षेची वेळ मिळणार नाही, अशी खाली ठळक तंबी. ऋत्विक मुंबईला मामाकडे राहून अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षापर्यंत पोचला होता. टाळेबंदी लागली तसा तो आंजर्ल्याच्या मागच्या डोंगरातल्या आपल्या वाडीत येऊन पडला, तो दुसऱ्या सालचा मे उजाडला तरी तिथंच. वाडीत इंटरनेटची रेंज मिळायची फक्त सड्यावर, म्हणजे घरामागच्या उघड्या कातळावर, एका काजूच्या झाडाखाली. तिथं बसून त्याने वर्षभर मोबाइलवरच्या काळ्या चौकोनांकडे बघत व्याख्यानं ऐकली होती. वर्गमित्र म्हणून सोबतीला झाडावरचे तांबडे मुंगळे. ते हजेरीला मात्र कधी चुकत नसत.

फॉर्ममधल्या प्रत्येक प्रश्नापुढे ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत पाच गोल होते. अंगठ्याला सगळ्यात जवळचा गोल ‘नेहमी’चा. ऋत्विकने अंगठा सरळ खाली आणला. मला शांत झोप लागते: नेहमी. मला झोपच लागत नाही: नेहमी. मी आनंदात असतो: नेहमी. मला विनाकारण रडू येतं: नेहमी. फॉर्म गेला, पाठोपाठ मोबाइल मेला, आणि ऋत्विक शीळ घालत घरी जेवायला गेला.

चौथ्या दिवशी कॉलेजच्या समुपदेशक दिशा मॅडमचा फोन आला, तो ऋत्विकच्या वडिलांना. गंगारामचा साधा मोबाइल गोठ्यातल्या खुंटीला पिशवीत टांगलेला असे, कारण तो वाजला तर तिथंच वाजायचा. ऋत्विक त्या वेळी सड्यावर होता, त्यामुळे पुढचं सगळं त्याला फार उशिरा कळलं.

“तुमच्या मुलाच्या उत्तरांवरून...” मॅडमचा आवाज येत-जात होता. “डिप्रेशन... घाबरू नका... एकटं सोडू नका... बोलतं ठेवा... आवडीचं...”

“कोन आवडीचा? हॅलो? पोरानं काय केलान काय?”

फोन तुटला. गंगारामच्या हाती एवढे चारपाच शब्द राहिले, आणि त्यातला महत्त्वाचा शब्द नेमका इंग्रजी. तो तसाच शेजारच्या भिकाजी काकांकडे गेला. काका तीस वर्षं बोटीवर होते. परदेशातून आलेल्या कुठल्याही शब्दाची उलगडा करण्याचा मान वाडीत त्यांचा.

“डिप्रेशन?” काकांनी पान बाजूला ठेवलं. “अरे, म्हणजे कमी दाबाचा पट्टा. समुद्रात होतो तो. आधी सगळा शांत शांत वाटतो, नि मग...” त्यांनी दोन्ही हात आभाळाकडे नेले. “वादळ!”

गंगारामने पलीकडच्या आपल्या छपराकडे पाहिलं. गेल्या सालच्या वादळाने त्याच्या घराचे पत्रे उडून थेट खाडीकाठच्या खाजणात जाऊन पडले होते. ते बाहेरचं वादळ होतं. पोराच्या डोक्यात वादळ झालं तर काय काय उडून जाईल, याचा त्याला अंदाज येईना.

“पन तो तर शांत हाय.”

“तेच वाईट,” काका म्हणाले.

त्याच दुपारी पडवीत बैठक झाली. ऋत्विकची आई कमळा, बाबा, भिकाजी काका आणि त्यांची बायको मालन काकू. ठरलं ते असं की पोराला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, त्याला सतत बोलतं ठेवायचं, आणि त्याच्यासमोर तो शब्द काढायचा नाही.

दुसऱ्या दिवसापासून ऋत्विकला काही कळेनासं झालं. सकाळी डोळे उघडले तर आई उशाशी बसून त्याच्याकडे बघतेय. “झोप लागली काय रे, बाबू?” ताटात सुरमई. संध्याकाळी पुन्हा सुरमई. वर घावणे, वर खापरोळ्या. सड्यावर गेला तर मागोमाग काका, बगलेत घोंगडी मारून. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी हजेरी घ्यायला सुरुवात केली तशी काकांनी पडद्यात तोंड घातलं.

“भिकाजी हजर!”

“कोण भिकाजी? आपल्या यादीत नाहीयेत,” मॅडम म्हणाल्या.

“घ्या लिवून मग,” काका म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी त्यांचं नाव खरंच लिहून घेतलं, कारण वर्गात कॅमेरा सुरू ठेवून बसणारे ते एकटेच होते.

दुपारची पाळी मालन काकूंची. काकूंनी कर्तव्यात कसूर केली नाही. ऋत्विक परसातल्या संडासात गेला तरी त्या बाहेर उभ्या राहून बोलत. “बरा हायस ना रे? आवाज दे बघू. आज काय काय केलंस ता सांग.” आता तिथं बसून माणूस काय काय सांगणार? आठ दिवसांत ऋत्विकच्या डोक्यात खरोखरच घूं घूं व्हायला लागलं.

सगळ्यात अवघड पाळी बाबांची. बापलेकांत आजवर झालेलं बोलणं म्हणजे ‘गुरं सोड’ आणि ‘गुरं बांध’. गंगाराम संध्याकाळी त्याच्याशेजारी पायरीवर बसे, खाकरे, आकाशाकडे बघे.

“मग... तुझा काय म्हनताय?”

“माझं काय?”

“सगलाच.”

एकदा मात्र ऋत्विक न राहवून म्हणाला, “काय नाय हो बाबा. एकट्याने शिकायचा कंटाळा येतो. आपण बोलतो ते पलीकडे कुणी ऐकतं की नाही, तेच कळत नाही.”

गंगाराम त्याच्याजवळ सरकला. मग त्याने पोराच्या पाठीवर हात ठेवला, आणि घरात जाऊन कमळाला हलक्या आवाजात सांगितलं, “पट्टा सरकतोय. पाळ्या वाढवा.”

अशात तोंडी परीक्षेचा दिवस आला. गुरुवार, सकाळी अकरा. नियम कडक होते. विद्यार्थी एकटाच दिसला पाहिजे, दुसरं कुणीही दिसलं तर शून्य, आणि शून्य म्हणजे वर्ष वाया.

“आये, उद्या मला एकट्याला जाऊ दे,” ऋत्विक म्हणाला. ‘एकट्याला’ हा शब्द ऐकून कमळाच्या हातातलं झाकण पडलं. “काका येतील बरोबर!” ती म्हणाली. काका म्हणाले, “मी मागं झाडाआड ऱ्हातो.” पण काकांचं झाडाआड राहणं ऋत्विकने वर्गात पाहिलं होतं. त्यामुळे गुरुवारी सकाळी तो गोठ्याच्या मागून गुपचूप सटकला आणि कुणी काळजी करू नये म्हणून चुलीपाशी एक चिठ्ठी ठेवून गेला.

‘मी जातो. शोधू नका. अकरानंतर सगळं आटपेल, मग सुटलो.’

कमळाने चिठ्ठी वाचली आणि अशी काही हाक मारली की आगरात आंबे उतरवणारी माणसं झाडावरून खाली आली.

इकडे काजूखाली ऋत्विक तयार होता. वर इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली हाफ पॅन्ट. पडद्यावर बाहेरच्या कॉलेजचे परीक्षक वैशंपायन सर. चष्मा नाकावर, दाढी वाढलेली, मागे पुस्तकांचं कपाट. त्यांच्या आवाजात सकाळपासून तेच तेच विचारून आलेला थकवा होता.

“हं. अर्थशास्त्रातलं डिप्रेशन म्हणजे काय? स्वतःच्या शब्दांत सांगा.”

ऋत्विकचं तोंड उघडलं. ‘सर, म्हणजे...’ एवढंच बाहेर आलं. आठ दिवस त्याला पुस्तक उघडू कुणी दिलं होतं?

“डिप्रेशन,” सर पुन्हा म्हणाले. “डिप्रेशनबद्दल काहीतरी सांगा.”

“मास्तर!” मागून गर्जना झाली. गंगाराम धापा टाकत येत होता. त्याच्यामागे काका, काकू, कमळा आणि आंबे काढायचे लांब झेले खांद्यावर घेतलेली चार माणसं, सगळ्यांचे मास्क हनुवटीवर. “त्याच्यासमोर त्याचा नाव काढू नका!”

“कशाचं नाव?” सर दचकले.

“डिप्रेशनचा! पोराला झालाय तो. आठ दिस आम्ही त्या शब्दाला घराचा उंबरा ओलांडू दिला नाय, नि तुम्ही खुशाल तोंडावर विचारताव?”

“मला?” ऋत्विक किंचाळला. “मला झालंय असं कुणी सांगितलं?”

“तुझ्या कॉलेजातल्या बाईनी. तू लिवून दिलंस ना, रडू येता, झोप येत नाय...”

ऋत्विकने कपाळावर हात मारला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. चार टक्के बॅटरी, चाळीस प्रश्न, अंगठा.

“म्हंजे वादळ नाय?” काकांनी विचारलं. त्यांचा चेहरा पडला होता.

“मेल्या!” कमळा म्हणाली. “आठ दिस सुरमई खाल्लीस नि बोलला नाहीस?”

“माफ करा,” पडद्यातून आवाज आला. “मला फ्रेममध्ये नऊ माणसं दिसताहेत. नियमाप्रमाणे...” सरांनी पेन उचललं.

गंगाराम मोबाइलसमोर उकिडवा बसला. “मास्तर, चूक पोराची नाय, आमची. काय विचारायचा ता मला विचारा.”

सर त्याच्याकडे बघत राहिले. कदाचित चिडायचंही त्यांच्यात त्राण नसेल. “ठीक आहे. बाजारातलं डिप्रेशन. म्हणजे मोठी मंदी. ती कशी येते?”

“ता होय!” गंगारामला हायसं वाटलं. “गेल्या सालचा आंबाच घ्या. झाडा लगडलेली. पन गाडी नाय. गाडी आली तं गिऱ्हाईक नाय. गिऱ्हाईक कसा येल? त्याचा कामच बंद. आंबा ऱ्हायला, म्हनून मी गडी लावले नाय. गड्यांना काम नाय, म्हनून ते वाण्याकडे गेले नाय. वाण्याच्या दुकानात माश्या. मग वाण्याचा पोरगा माझ्याकडे आला, काका, काय काम हाय काय? आता मी त्याला कुठना देऊ?”

वैशंपायन सरांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला. “ही साखळी मी सकाळपासून बावीस मुलांना विचारली. एकालाही सांगता आली नाही.”

“सर, यालाच एकूण मागणीतली घट म्हणतात!” ऋत्विक एकदम बोलून गेला. डोक्यातलं झाकण निघालं होतं. बाबांच्या आंब्यावरून तो बेकारीवर गेला, बेकारीवरून गुंतवणुकीवर, तिथून सरकारने काय करावं इथपर्यंत. पाच मिनिटं तो थांबला नाही. मागे आठ माणसं माना डोलवत होती.

“पुरे, पुरे,” सर म्हणाले. “तुझं झालं.” पण त्यांनी फोन बंद केला नाही. “ते खांद्यावर काय आहे हो, जाळीवालं?”

मग झेला दाखवला गेला, आंबा दाखवला गेला, कमळाने सरांना जेवलात काय म्हणून विचारलं. सरांची बायको नागपूरला माहेरी अडकली होती, आणि सर दोन महिने खिचडीवर होते. काकूंनी त्यांना सोलकढी कशी करायची ते सविस्तर सांगितलं. सरांनी ते गुणांच्या यादीच्या मागे लिहून घेतलं. पलीकडे रांगेत थांबलेल्या चौदा विद्यार्थ्यांना त्या दिवशी वाटलं, तेविसाव्याची परीक्षा फारच कडक चाललीय.

ऋत्विकला वीसपैकी सतरा मिळाले. वाडीने पाळ्या बंद केल्या, ताटात पुन्हा डाळभात आला, आणि गंगाराम मात्र संध्याकाळी सवयीने पायरीवर बसायला येतच राहिला. आता त्याला खाकरावं लागत नसे.

रविवारी सड्यावर ऋत्विकचा मोबाइल वाजला. पडद्यावर वैशंपायन सरांचं नाव बघून तो ताडकन उभा राहिला. गुणांत काही घोटाळा तर नसेल?

“सर, नमस्कार! मी ऋत्विक.”

“हं, हं. गंगारामभाऊ आहेत का?”

“बाबा आगरात गेलेत, सर. माझ्याशी बोला ना.”

“तुझी परीक्षा झाली ना आता?” वैशंपायन सर म्हणाले. “मग त्यांना बोलव. मी थांबतो.”