मळीचं माहेरपण

कोर्टात तडजोड झाली आणि तिच्या चौथ्या अटीप्रमाणे रंगाच्या कारखान्याची दीड एकर जमीन आमच्या घरी माहेरपणाला आली. टेंपोतून उतरली आणि उंबऱ्याशी थांबली. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि तिला पडवीत नेऊन बसवलं. जागा कमीच होती. पण लेकीला माहेर कमी पडत नाही म्हणतात, आणि मागून झाडू मारायला सून असतेच.

जमीन मूळची आमचीच. मळी तिचं नाव. सासऱ्यांनी ती कारखान्याला दिली तेव्हा मी या घरात आलेसुद्धा नव्हते. कारखान्याने वर्षानुवर्षं तिच्या पोटात रंगाचं पाणी सोडलं आणि एक दिवस फाटकाला कुलूप लावलं. विहिरी जांभळ्या झाल्या तेव्हा गाव कोर्टात गेलं. दोन्हीकडचे वकील थकले आणि मग तडजोड ठरली ती अशी. जमीन बरी होईस्तोवर माहेरी राहील आणि तिचं औषधपाणी कारखाना करील. माहेरच्यांनी ओटी भरून पाठवणी केली, की ती बरी झाली असं समजायचं आणि कारखाना मोकळा. पुढे तो तिच्यावर सिमेंट ओतून गोदाम बांधणार होता. म्हणजे पोटातलं विष कायमचं पोटातच, आणि विहिरी तशाच.

नात्याने ती माझी नणंद, म्हणून मी तिला वन्सं म्हणायची. खरं सांगते, मला वन्सं घरात नको होत्या. म्हणायला नणंदेचं माहेरपण, कष्ट सगळे भावजयीचे. फरशीवर निळे डाग, ताकाला जांभळी झाक, आणि त्यात सासूबाईंचं चालूच: "मळीला शेणखत दिलंस का गं? मळीला उन्हात बसवलंस का?" वन्सं स्वतः अबोल. कुरकुर केली असती तर भांडता तरी आलं असतं.

मग एकदा सासूबाईंचे गुडघे धरले आणि वन्संना न्हाऊ घालायचं काम माझ्यावर आलं. मी कोमट पाणी ओतत होते, खालून निळा ओघळ वाहत होता. कडेला जुन्या बांधाचा एक दगड होता, तो उचलला. खाली तळहाताएवढी माती अजून तांबडी होती, आणि तिच्यात एक गांडूळ वळवळत होतं. इतकी वर्षं बाईने एवढंसं जपून ठेवलं होतं! मला रडूच कोसळलं. मला स्वतःला माहेर उरलेलं नाही, त्यामुळेही असेल. दगड जसा होता तसा ठेवला आणि म्हटलं, "वन्सं, राहा हो निवांत. मी आहे."

नेमके त्याच आठवड्यात, मंगळवारी संध्याकाळी, केळुस्करसाहेब आले. हे कारखान्याचे तडजोड अधिकारी. माणूस सभ्य. चपला बाहेर काढून आत आले.

"न्यायला आलोय," ते म्हणाले.

"अजून बरी नाही ती," माझे यजमान मनोहर म्हणाले.

"मग ओटी भरू नका. माझा आग्रह नाही. मी फक्त टेंपो दाराशी लावतो."

टेंपोचा आवाज ऐकून वन्सं सवयीने उठल्या आणि उंबऱ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. झालं! सासूबाईंना ते बघवेना.

"भरल्या घरातनं माझी लेक रिकाम्या ओटीनं जाणार? मी काय मेले का?"

आम्ही "आई, आई!" म्हणेपर्यंत त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात गेल्या, पदरात ओटीचं धान्य घेऊन आल्या आणि पाच ओंजळी भरून, वर नारळ ठेवून मोकळ्या. केळुस्करांनी तशी नोंद करून घेतली. आपण काय केलं ते सासूबाईंना तेव्हा कळलं.

मी पुढे झाले. "साहेब, दिवेलागण झाली. या वेळेला लेक घराबाहेर काढत नाहीत."

"बरोबर आहे. उद्या येतो."

"उद्या बुधवार. जाशील बुधी तर येशील कधी!"

"तेही खरं," ते म्हणाले. पाठवणी माहेरच्या रीतीने व्हावी, अशी अटच होती. "गुरुवारी येतो."

बुधवारी सकाळी मनोहर स्वयंपाकघरातून ओरडले, "मोड आणायला भिजत घातलेलं भात कुणी उपसलं?" मंगळवारी अंधारात सासूबाईंनी तांदळाच्या डब्याऐवजी बियाण्याच्या ओल्या पोत्यात हात घातला होता. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मुकाट्याने वन्संच्या अंगावर ओलं गोणपाट पांघरलं.

गुरुवारी केळुस्कर आले, तेव्हा मी गोणपाट बाजूला केलं. बांधाच्या दगडाजवळ एक कोंब वर आला होता.

"अभिनंदन!" केळुस्कर म्हणाले. "उगवलं म्हणजे बऱ्या झाल्या. आता वादच मिटला."

"रंग बघा साहेब."

त्यांनी चष्मा लावला, वाकले. "जांभळा आहे."

"बापाच्या वळणावर गेलंय," सासूबाई म्हणाल्या.

मग मी विचारलं, "साहेब, तुमच्याकडे पहिलं बाळंतपण कुठे करतात?"

"माहेरी. कुठे म्हणजे काय?" ते म्हणाले. "माझी मुलगी सध्या आमच्याकडेच आहे. सातवा लागलाय. परवाच ओटी..."

ते थांबले.

"ती ओटी भरून तुम्ही तिला सासरी धाडलंत का?"

"छे छे! डोहाळजेवणाची ओटी ती. पाठवणीची वेगळी."

"मग आमची मंगळवारची कसली होती?"

केळुस्करांनी कोंबाकडे पाहिलं, वन्संकडे पाहिलं. मग ओसरीच्या कडेला बसून त्यांनी मंगळवारची नोंद खोडली आणि खाली डोहाळजेवण असं लिहिलं.

"पाठवणी कधी धरू?" त्यांनी विचारलं.

"बाळ-बाळंतीण दोघं धडधाकट झाली की."

"आणि औषधपाणी?"

"आता दोघांचं."

"दोघांचं," असं पुटपुटत त्यांनी लिहून घेतलं. चहा घेतला. निघताना वन्संना म्हणाले, "काळजी घ्या, जड उचलू नका." टेंपो रिकामा गेला.

सासूबाई डिंक शोधायला आत गेल्या. मी देव्हाऱ्याशेजारची काजळाची डबी आणली, आणि कुणाची नजर नको लागायला म्हणून त्या जांभळ्या कोंबाला एक बारीकशी तीट लावली.