टिपणीसबापू आणि उरलेली पानं

टिपणीसबापू दुपारच्या वेळी कुणाच्या ओटीवर छत्री मांडीवर घेऊन बसलेले दिसले, की आमच्या पनवेलात लोक समजून जात, आत कुणीतरी घाईघाईने कादंबरी संपवतंय.

बापू आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. वडाळे तळ्याच्या बाजूला एका कौलारू इमारतीच्या माडीवर वाचनालय होतं आणि खाली तांदळाचं दुकान. त्यामुळे आमच्याकडच्या प्रत्येक पुस्तकाला, मग ते वेदान्ताचं असो की खुनाचं, कोंड्याचा थोडासा वास असे. पुस्तक पंधरा दिवसांत परत करायचं, हा नियम. उशीर झाला तर बापू दंड घेत नसत. ते स्वतः येत. सोळाव्या दिवशी दारात त्यांच्या चपला वाजत आणि नमस्कार-चमत्काराच्याही आधी प्रश्न येई, “किती पानं उरली?”

सगळं वाचून झालं असेल तर पुस्तक घेऊन जात. उरलं असेल तर ओटीवर बसत. “वाचा. मी आहे.” अर्धं राहिलेलं पुस्तक ते परत घेतच नसत. अर्धं पुस्तक कपाटात ठेवलं की ते शेजारच्या पुस्तकांनाही बिघडवतं, असं त्यांचं म्हणणं. बसल्या बसल्या अडकित्त्याने सुपारी कातरत. आत वाचणाऱ्याने पान उलटायला वेळ लावला की बाहेर अडकित्ता जोरात चाले. एका हातात कालथा आणि दुसऱ्या हातात पुस्तक अशा अवस्थेत शेवटची प्रकरणं वाचलेल्या कितीतरी बायका मला ठाऊक आहेत. त्या काळात पनवेलात करपलेल्या भाकऱ्यांचं एक कारण टिपणीसबापू होते.

एकदा एका कारकुनांची मुंबईला बदली झाली आणि ते वाचनालयाचं पुस्तक पिशवीत घालून निघाले. बापूंना कळलं तेव्हा कारकून उरणला पोचले होते. बापूंनी मिळेल ती मोटार धरली आणि तिथल्या मोरा बंदराच्या धक्क्यावर त्यांना गाठलं. कारकून सामानावर बसून लाँचची वाट पाहत होते.

“किती पानं उरली?”

“वीस,” कारकून म्हणाले. “पण बापू, तुम्ही पुस्तक घेऊन जा हो. राहू दे.”

“लाँचला अर्धा तास आहे. वाचा.”

कारकुनांनी बोंबलांच्या टोपल्यांमध्ये बसून वीस पानं वाचली. बापू शेजारी उभे राहिले आणि त्यांनी लाँचच्या तांडेलालाही दोन मिनिटं थांबवून धरलं म्हणतात. शेवटी पुस्तक हातात पडल्यावर त्यांनी आपला दुसरा प्रश्न विचारला, “शेवट काय?” कारकुनांनी लाँचमधून ओरडून शेवट सांगितला. त्यामुळे धक्क्यावरच्या साऱ्या कोळणींना नायकाचं लग्न कुणाशी झालं ते कळलं.

हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा. बापू स्वतः एकही पुस्तक वाचत नसत. “हलवायाने पेढे खायचे नसतात,” म्हणत. पण पुस्तक परत करणाऱ्या प्रत्येकाला ते शेवट विचारत. एकाच पुस्तकाचे दहा जणांनी सांगितलेले दहा शेवट त्यांच्याजवळ असत. आणि त्या जोरावर ते पुस्तकं देत. वैद्य पुडी देतो तशी.

मी मुंबईहून इथल्या शाळेत मराठी शिकवायला आलो, तेव्हा देश स्वतंत्र होऊन दोनेक वर्षं झाली होती. मासिकांत माझ्या काही कथा छापून आल्या होत्या आणि आपल्याला वाचनातलं कळतं, अशी माझी समजूत होती. ऐन आषाढात मी वाचनालयात गेलो आणि एक गाजलेली शोकान्त कादंबरी मागितली.

बापूंनी खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “हवा बघा आधी, मास्तर. पुस्तकं आधीच दमटलेली आहेत. त्यात तुम्ही रडणार. बुरशी कोण काढणार?”

त्यांनी मला वाळवंटातल्या प्रवासाचं पुस्तक दिलं. मी रागावून घरी नेलं आणि तीन दिवस आनंदाने वाचलं. पुढच्या सात-आठ वर्षांत मी जे काही वाचलं, ते बापूंच्या पंचांगाने. पावसाळ्यात प्रवास. गणपतीनंतर चरित्रं, “कारण तेव्हा माणूस जरा मोकळा होतो.” थंडीत जाड कादंबऱ्या, “उशालाही होतात.” चैत्र-वैशाखात, खाडीकडून वारा येईनासा झाला की विनोदी आणि पातळ. “उकाड्यात तत्त्वज्ञान वाचलं की माणूस भांडकुदळ होतो. आमच्या अध्यक्षांकडे बघा.” परीक्षेचे पेपर तपासून मी वैतागलेला असलो की माझ्याकडे न बघताच ते हेरकथा पुढे सरकवत. आपल्या मनाचा ऋतू आपल्या आधी दुसऱ्याला कळतो, याचा मला त्या वेळी थोडा रागच यायचा.

माझी बायको मालती हिला मात्र बापूंचं पंचांग मान्य नव्हतं. ती भर पावसात रडकी पुस्तकं मागायची आणि मिळवायची. “बापू, मी पदर लावून रडते, पुस्तकावर नाही,” असं तिने त्यांना सांगितलं होतं. तिच्यापुढे त्यांचं चालत नसे. ती वाचायचीही सावकाश, चवीने, मागची पानं पुन्हा उघडत. त्यामुळे आमच्या ओटीवर बापूंचं बसणं इतरांपेक्षा जास्त. मासळी घेऊन येणारी राधाबाय रस्त्यावरूनच म्हणायची, “बापू हितं बसलेत, म्हंजे मास्तरीनबायचा पुस्तक अजून सरला नाय.”

“नाय गं,” बापू आत ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे. “तुझी कोलंबी सरेल, पण हिचं पुस्तक नाय सरायचं.”

“बसा मंग. पापलेट दावू?”

बापू पापलेट बघत, घेत, आणि आमच्याच स्वयंपाकघरात ते तळायला जाई. मालती म्हणायची, पुस्तक मुद्दाम लांबवलं नाही तर बापूंना ताजी मासळी खाऊ कोण घालणार. त्यांचं घर कापड बाजारामागे होतं. तिथे ते एकटेच. कधी लग्न झालं होतं का, हे कुणी विचारलं नव्हतं. आम्हीही नाही.

मग एका वर्षी श्रावणात मालतीने दोन बहिणींची एक जाड कादंबरी आणली. धाकटी भांडून घर सोडून जाते आणि थोरली तिची वाट पाहते. मालती रोज रात्री जेवताना मला कथा सांगायची. मी म्हणालो, धाकटी परत येणार नाही. असल्या गोष्टीत कुणी परत येत नसतं, लेखकाला ते बरं दिसत नाही. ती म्हणाली, येणार. आमची पैज लागली.

मग तिला ताप आला. डॉक्टर विषमज्वर म्हणाले. सोळाव्या दिवशी बापू आले. मी त्यांना आत नेलं. ते दाराशी उभे राहिले आणि सवयीने विचारून बसले, “किती पानं उरली, वहिनी?”

“एकसष्ट,” मालती म्हणाली. “यांच्याशी पैज आहे, बापू. ताप उतरला की वाचते.”

बापू त्या दिवशी ओटीवर बसले नाहीत. “सावकाश वाचा,” म्हणाले. “मी मुदत वाढवतो.”

ती भाद्रपदात गेली.

त्यानंतर मला वाचता येईना. एखादी ओळ मी पाच वेळा वाचायचो आणि पाचव्यांदाही ती दुसऱ्याच कुणाला लिहिलेल्या पत्रासारखी वाटायची. लिहिणं तर बंदच झालं. शाळेत धडे पाठ होते म्हणून निभावलं. बापू आता वाचनालय बंद करून संध्याकाळी स्वतः यायचे. येताना एक पुस्तक आणायचे. कलमं बांधण्याचं, लोणची टिकवण्याचं, एकदा तर जुनं रेल्वेचं वेळापत्रक. “यात कुणी मरत नाही,” असं म्हणून ते ठेवायचे. मधमाश्या पाळण्याचं पुस्तक दिलं तेव्हा मात्र जरा घुटमळले. “यात मरतात. पण चौथ्या प्रकरणात. तिथवर तुम्ही जायचे नाही.”

मी चौथ्या प्रकरणापर्यंत गेलो. मधमाश्या मेल्या. वर्षभरात मी सलग वाचलेलं ते पहिलं काही.

दोन बहिणींची कादंबरी फळीवर तशीच होती. एकसष्ट पानं उरली होती तिथे मालतीने केसांतला आकडा खोचून ठेवला होता. साऱ्या गावाच्या घरी जाऊन पुस्तक वसूल करणारा हा माणूस आठवड्यातून तीनदा आमच्याकडे येत होता. समोर फळीवर ते पुस्तक दिसत होतं. पण त्यांनी कधी विचारलं नाही. मला वाटलं, विसरले असतील, किंवा हरवलं म्हणून रद्द केलं असेल.

पुढच्या वर्षी आश्विनात मी ते पुस्तक घेऊन वाचनालयात गेलो. म्हटलं, हे एकदा घरातून जाऊ दे. बापूंनी पेटीतून मालतीचं कार्ड काढलं. मी ते उलट्या बाजूने वाचलं. दर पंधरा दिवसांनी मुदत वाढवल्याची नोंद होती. वर्षभर, एकही खंड नाही. मुदत वाढवायला सभासदाने स्वतः यावं लागतं, हा बापूंनीच भिंतीवर लावलेला नियम. कार्ड भरलं म्हणून त्याला खाली कागद चिकटवून लांबवलं होतं.

“बापू, हे काय?”

“सावकाश वाचा, असं मी त्यांना म्हटलं होतं,” ते म्हणाले. मग पुस्तकाकडे बघून त्यांनी विचारलं, “किती पानं उरली?”

“एकसष्ट.”

“मग मला घेता येणार नाही. रविवारी येतो.”

रविवारी दुपारी ते आले आणि ओटीवर बसले. मी आतल्या खोलीत मालतीच्या जागेवर बसून आकडा काढला. पहिली दहा पानं फार कठीण गेली. राधाबाय रस्त्यावरून आली, ओटीकडे पाहिलं आणि टोपली न उतरवता तशीच पुढे गेली. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं, अडकित्ता वाजत नाहीये. डोकावून पाहिलं तर तो तसाच सुपारीच्या डब्यावर मिटलेला, आणि बापू तळ्याच्या दिशेने बघत बसलेले. मी परत जाऊन वाचू लागलो. मग कथेने मला धरलं, जशी ती पूर्वी धरायची. उन्हं ओटीवरून खाली उतरली तेव्हा मी शेवटच्या पानावर होतो.

पुस्तक बाहेर आणून मी त्यांच्या हातात दिलं. आकडा माझ्याजवळ ठेवला.

बापूंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. “हरलात ना?”

“हरलो.”

त्यांनी मान हलवली. पुस्तक काखेत मारलं, छत्री घेतली, पायऱ्या उतरले. मी दुसऱ्या प्रश्नाची वाट पाहत होतो. सगळ्या पनवेलला विचारलेला तो प्रश्न त्यांनी मला विचारलाच नाही. फाटकाची कडी लावताना मात्र ते थांबले.

“शेवट आधी वहिनींना सांगा,” म्हणाले. “मला पुढच्या रविवारी सांगितलात तरी चालेल.”