पांढरीचा पाय

मला फकस्त एक रील काढायची हुती. येवढंच. कुनाचं काय बिघडवायचं मनात नव्हतं (ह्या टायमाला तरी).

आमच्या काकीची पांढरी कोंबडी पत्र्यावरून खाली उतरती ना, तवा पंख पसरून अशी झोकात येती की इमानच. मी म्हनलं हे स्लो-मोशनमधी घ्यायचं, वर बँडबाजा टाकायचा आन ‘पांढरी एअरलाईन्स’ म्हनून सोडून द्यायचं. पहिल्या उडीला मोबाईल आडवा धरायचा राहिला. दुसऱ्या उडीला मधी शेरडू आलं. मग काय, पांढरीला उचलून पत्र्यावर ठिवायचं, हुसकायचं, परत उचलायचं, परत ठिवायचं. चार दिवस शूटिंग चाललं. रील काय चालली न्हाई. पांढरी पन चालायची थांबली.

आता ही काकी म्हंजे राहीबाई, माझी सख्खी चुलती. ती गेल्ती राहुरीला, लेकीच्या बाळंतपनाला. जाताना मला दारात उभं करून सांगून गेली, शनिवारी येते आन पांढरीला घेऊन जाते, रेश्माला गावरान अंडी पायजेत, बाळंतीन पार वाळून गेलीय, तवर हिला जप. मलाच सांगितलं, कारन आईदादा कांद्याच्या रानात आन घरात दुसरं मानूस न्हाई. न्हाईतर माझ्या हाती कोंबडी सोडा, कोंबडीचं पीस पन कुनी देत न्हाई. मागच्याच महिन्यात मी देवळाच्या भोंग्यावरून सरकारी आवाज काढून, “उद्या सगळ्यांनी आपापली म्हस घेऊन फोटोला या,” असं सांगितलं हुतं. आन आले हुते लोक.

शनिवारी सकाळी पांढरीला उचलून बघितलं. एका पायाच्या तळव्याला हरबऱ्यायेवढी गाठ, तिच्यावर काळी खपली, आन पाय असा गरम की चहाची कपबशीच. अंडं तर आधीच बंद झालेलं. काकी दुपारच्या गाडीनं निघनार हुती. म्हंजे संध्याकाळपत्तुर माझा पन पंचनामा.

जनावराच्या दवाखान्यातल्या आराधना मॅडमला फोन लावला. त्या बाहेरगावी हुत्या. पन सांगितलं बिचारीनं सगळं, कोमट पान्यात मीठ टाकून पाय बुडवून ठिवा, औषध लावा, स्वच्छ पट्टी बांधा, खाली मऊ कोरडं भुसकाट टाका, ब्लेड-बिड अजिबात लावू नका, आन सोमवारी घेऊन या. वर इचारलं, उंचावरून उड्या मारती का हो ती? मी म्हनलं, न्हाई मॅडम, लई शांत स्वभावाची हाय.

मग नोहाला बोलावलं. नोहा माझा दोस्त. त्याची आई दया मावशी सरकारी दवाखान्यात नर्स, त्यामुळं त्याच्या घरी पट्ट्यांचा तोटा न्हाई. तो पट्टी आन जखमेवर लावायचं लाल औषध घेऊन आला, आन मोठ्या डॉक्टरसारखं म्हनला, पेशंट कुठंय.

पेशंट पलंगाखाली हुता. बाहेर काढून नोहानं टॉवेलमधी गुंडाळली आन पाय वर करून उलटी धरली. मी दोन्ही पाय टमरेलात बुडवले. ती काय आयकती. एक लाथ टमरेलाला, एक लाथ औषधाला. लाल औषध सगळं तिच्याच पाठीवर सांडलं. मला वाटलं आता औषध संपलं, तर हळद लावू, हळदीनं जखम भरती. हळदीच्या डब्यात तिनं तिसरी लाथ घातली. आता दोन्ही पाय पिवळे, पाठ लाल, आन आमी दोघं दोन्ही रंगांत, पार रंगपंचमी. कशीबशी पट्टी गुंडाळली, पन बांधायला काय न्हाई. शेवटी मी माझ्या कमरेचा काळा करदोडा तोडला आन त्यानं पट्टी आवळली. (चड्डी नाडीची हुती म्हनून इज्जत राहिली.)

नोहानं हात जरा सैल सोडला, आन पांढरी उडाली ती खिडकीतून थेट रस्त्यावर.

आता हे नीट बघा. दिवस शनिवार, त्यात आमोशा. आमच्या गावात टेम्पोवाले शनिवारी नवं लिंबू-मिरची बांधत्यात आन जुनं तिठ्यावर फेकत्यात. त्याच तिठ्यावर, त्या लिंबामिरच्याच्या मधोमध जाऊन, पांढरी उभी राहिली. पांढरी कोंबडी, पाठीवर लाल सडा, हळद लावलेले पाय, पायात काळा दोरा. आन तोंड कुनीकडं? बिभीषन तात्याच्या दाराकडं. तात्या यंदा सरपंचाला उभा.

मी पोचस्तवर कारभारी नानानं आपली तिठ्यावरची गिरनी बंद केली हुती. दळनाला आलेल्या बाया पदर तोंडाला लावून लांब उभ्या. उतारा, उतारा, असं कुजबुजत हुत्या. कुनाच्या तरी अंगावरची पीडा काढून कोंबडीवर सोडलीय आन ती तात्याच्या दारात आनून ठिवलीय, असं सगळ्यांचं एकमत झालं. तात्या घामानं निथळत हुता. त्यानं सालगड्याला पोतं आनायला सांगितलं. पोत्यात घालायची आन पाटाच्या पान्यात सोडून द्यायची, म्हनला, आत्ताच्या आत्ता.

पोत्यातली कोंबडी काय पोहत राहुरीला जानार न्हाई. मी पुढं घुसलो आन आयुष्यात पहिल्यांदा सरळ खरं बोललो. “तात्या, उतारा न्हाई तो. आमच्या काकीची कोंबडी हाय. पायाला लागलंय तिच्या, मी पट्टी बांधलीय.”

मग कारभारी नाना सावकाश म्हनला, “म्हशीचा फोटो पन काढला न्हाईस तू अजून.”

नाना स्वोता दोन म्हशी धुऊन घेऊन आलता. लोकं हसली, आन माझं खरं तिथंच मेलं. नोहाकडं बघितलं तर तो लाल हात पाठीमागं लपवून ढगाकडं बघत हुता. पोतं आलं. पन पोतं धरायला सगळे तयार, कोंबडीला हात लावायला कुनी न्हाई. सालगडी म्हनला, मला बायकापोरं हायेत. तवा माझ्या डोस्क्यात उजेड पडला. मी म्हनलं, “मी उचलतो. मीच सोडून येतो पाटापलीकडं.”

सगळे माझ्याकडं असे बघाया लागले की जसा मी बॉर्डरवर निघालोय. तात्याच्या डोळ्यात पानी आलं. नानानं नेम सांगितले, अनवानी जायचं, तोंडातून शब्द काढायचा न्हाई, आन मागं वळून बघायचं न्हाई. बोलला न्हाईतर वळला, की सगळी पीडा तात्यावर. तात्या म्हनला, “मानसं लावतो मागं. नेम मोडला तर गहिन्या, तुझी गाठ माझ्याशी हाय.”

मी मान हालवली, चपला काढल्या, पांढरीला काखेत घेतली आन निघालो. बेत साधा हुता. वढ्याच्या वळनाला मानसं मागं फिरतील, मग आपन उसाच्या कडंनं गुपचूप घरी. पन मानसं फिरली का न्हाई हे बघायचं कसं? वळायचं तर न्हाई. मी कान टवकारले. मागनं पावलं येत हुती. चप्पल फटक फटक. मी थांबलो की ती थांबायची. मी चाललो की फटक फटक.

वढा गेला. पाट आला. पाटावर पांढरीला सोडायची हुती, पन तिथं तीन कुत्री बसलेली, आन तिच्याकडं अशी बघत हुती की जसं जेवान वाढून आलंय. मी तसाच पुढं. मागं फटक फटक. डांबर तापलेलं, म्हनून कडंच्या मातीत उतरलो, आन येड्या बाभळीचा काटा तळव्यात असा घुसला की डोळ्यापुढं काजवे. पन वरडायचं न्हाई. ओठ चावून, लंगडत, कोंबडी काखेत, मी चाललोय. पांढरी मधी मधी मान वर करून माझ्याकडं बघायची. तिला पन काळजी पडली असनार, हा येडा मला कुठं घेऊन चाललाय.

फाट्याच्या अलीकडं समोरनं रिक्षा आली. माझ्यापाशी येऊन थांबली. आन आतनं उतरली काकी.

तिनं आधी मला बघितलं. मग काखेत बघितलं. मग तिचा चेहरा असा बदलला की मी आतल्या आत देवाला हात जोडले (बाहेरचे दोन्ही गुंतले हुते).

“गहिन्या, कुठं चाललास माझी कोंबडी घेऊन?”

मी गप.

“बाजारात चाललास व्हय, इकायला?”

मी जोरात मान हालवली, न्हाई. डोळ्यानं मागं खुनावलं. तिला वाटलं मी डोळा मारला.

“मुडद्या, चुलतीला डोळा मारतो?” आन पायातली चप्पल हातात आली. पहिली पाठीत, दुसरी दंडावर. मी शब्द न काढता नाचत हुतो. रिक्षावाला हसून हसून हँडलवर पडला. तिसरीला माझा धीर सुटला. म्हनलं गेला तात्या खड्ड्यात, आन मी गर्रकन वळून मागं बघितलं.

मागं सगळा रस्ता मोकळा. एकटा नोहा. पायात स्वोताच्या चपला, हातात माझ्या.

“तात्याची मानसं?”

“ती वढ्यावरूनच गेली, भजी खायाला,” नोहा म्हनला.

“मग सांगितलं का न्हाईस?”

“तुला बोलायचं न्हाई म्हनले ना. मला वाटलं मला पन न्हाई.”

मी तिथंच मटकन बसलो आन काकीला सगळं सांगून टाकलं. रील, गाठ, मॅडम, हळद, तात्या, सगळं. रडू पन आलं थोडं. खोटं न्हाई, खरंच आलं. म्हनलं काकी, मार मला, पन जिवापाड औषध केलंय मी तिचं, बघ, पट्टी बघ कशी बांधलीय.

काकीचा हात खाली आला. तिनं पांढरीला रस्त्याच्या कडंला ठिवली. पांढरी पट्टीच्या पायावर ताठ उभी राहिली आन दुसरा पाय तिनं पोटात ओढून घेतला. काकीनं करदोडा सोडला, पट्टी उलगडली, तळवा पदरानं पुसला. स्वच्छ. गाठ न्हाई, खपली न्हाई, काय न्हाई. माझी छाती अशी फुगली. एका दुपारात गुन.

मग काकीनं पोटातला पाय बाहेर ओढला आन हळद पुसली. गाठ तिथं हुती. काळ्या खपलीसकट, जशीच्या तशी.

नोहा हळूच म्हनला, उलटी धरली हुती ना, म्हनून डावं-उजवं झालं असंल.

काकीनं तीच पट्टी झटकून दुखऱ्या पायाला बांधली आन रिक्षावाल्याला सांगितलं, गाडी फिरव, तालुक्याला शेवगावला जनावराचा डॉक्टर बघू कुनी भेटतो का. मग माझ्याकडं बघितलं. मी एका पायावर उभा हुतो. तिचा जीव जरा हालला असावा.

“काटा मोडलाय का रं? दाव कुठल्या पायात.”

मी पाय पुढं केला. काकी वाकली, हात लावायच्या आधी थांबली, आन नोहाकडं वळून म्हनली, “बाबा, तू बघून सांग. ह्याचं काय खरं न्हाई.”